नातीचा मोबाईल तपासताना मीच पाहत बसलो

आपल्या चर्चच्या मंडळीतल्या सर्वांना सलाम. सकाळपासून मनाला स्वस्थता नाही, म्हणून लिहितो.

कॉलेजात जाणारी माझी नात मोबाईलवर काही वाईट पाहत असेल, अशी मला सारखी धास्ती. आज न्याहारीनंतर मी तो तपासायला मागून घेतला. नाचाचे नको तसले व्हिडिओ एकामागून एक आपोआप येऊ लागले. बंद करायचं सोडून मी पाहत बसलो. घरच्या प्रार्थनेची वेळही टळली.

"आबा, तपासणं झालं का? का अजून पाहूनच राह्यले?" नात म्हणाली. सून पदराआड हसली.

मी नातीवर खेकसलो. मग मला माझे बाबा आठवले.

पंचावन्न-छप्पन सालची गोष्ट. आम्ही चिमूरला होतो. तंबूतला सिनेमा आला की संध्याकाळी भोंग्यावर गाणी लागत. ती आम्हा मुलांच्या कानी पडू नयेत म्हणून बाबा दार लावून मोठ्याने भजन सुरू करत. एकदा त्यांनी भजन उचललं ते नेमकं सिनेमाच्या चालीत.

आई म्हणाली, "अजी, ही तं तंबूतली चाल आहे!"

बाबा थांबले. म्हणाले, "पोरांनो, मलेच ते गाणं आवडते. आज तुम्ही माझ्यासाठी प्रार्थना करा."

मी नातीला मोबाईल परत दिला, पण बाबांसारखं बोलायला अजून तोंड उघडत नाही. ती शेजारच्या खोलीत आहे. तुमच्यापैकी कोणी आपल्या मुलांपाशी असं कबूल केलं आहे का? सुरुवात कशी केली?