आईच्या फोनवरचा बाण

आईचा दहावा, गुरुवार सकाळ, मेहकरला पैनगंगेचा काठ. हजर: थोरला भाऊ, मावशी, भटजी आणि मी. भावाच्या खिशात आईचा फोन, कारण ज्यांना कळलं नव्हतं त्यांचे अजून फोन येत होते.

मला शाळेपासून टाईप वन मधुमेह. दंडावर सेन्सर चिकटवलेला असतो. तो साखर मोजतो आणि आकडा फोनवर पाठवतो. माझ्या फोनवर आणि तिथून डोणगावला आईच्याही. आईला आकड्यांशी देणंघेणं नव्हतं, ती फक्त बाण बघायची. बाण खाली वळला की लगेच फोन: "बाण पडून राह्यला, गूळ खाय. मिटिंग गेली खड्ड्यात."

पिंड ठेवले. कावळा शिवेपर्यंत आम्ही दोघं उपाशी. सगळं लवकर उरकेल असं धरून मी रोजचं इन्सुलिन घेतलं होतं, थोडं कमी करून. ग्लुकोजची पुडी पर्समध्ये, पर्स गाडीत, गाडी वर रस्त्यावर. माझा फोन कमरेला खोचलेला, पण विधीत आवाज नको म्हणून मुका केलेला.

कावळे समोरच्या बाभळीवर बसून होते. खाली एकही येईना.

"तिचं काहीतरी मनात राह्यलं," मावशी म्हणाली.

भावाने हात जोडले. "आई, तुह्या लेकीकडे मी पाहीन." तरी नाही. माझे हात थरथरायला लागले होते. मी ते पदरात घेतले. तिचा घास राहू नये, एवढंच मला हवं होतं.

तेवढ्यात भावाच्या खिशात आईचा फोन कोकलला. बाण पडल्याचा अलार्म तिने सगळ्यात मोठा ठेवून घेतला होता. भटजी मंत्र म्हणता म्हणता थांबले.

"पाह्य," मावशी म्हणाली, "गेली तरी हिची ड्युटी सुरूच." तिने पूजेच्या ताटातला गुळाचा खडा उचलून माझ्यासमोर धरला. "खाय."

"मावशी, अजून कावळा..."

"बहीण माही होती. राग आला तं माह्यावर येईन. तोंड उघड."

भटजी दुसरीकडे बघत दर्भ नीट करू लागले. मी गूळ चघळला. फोन बराच वेळ वाजत राहिला. तो बंद कसा करायचा ते भावाला माहीत नव्हतं. आईला माहीत होतं.

कावळा आलाच नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावला. परतताना गाडीत भाऊ म्हणाला, "तो बाण आता माह्या फोनात टाकून दे."

मी हो म्हटलं. त्यानंतर मृत्यूचा दाखला आणला, रेशनकार्डातलं नाव कमी केलं, बँकेचं खातं बंद केलं, गॅस भावाच्या नावावर केला. तिच्या साड्याही वाटून झाल्या. फोन माझ्याकडे आहे, रोज चार्ज करते. साखर उतरली की तो आतल्या खोलीतून ओरडतो, आणि मी उठून गूळ खाते.

आईचा फोन काढून भावाचा जोडणे: बाकी.