एकसष्ट टोप्या

आमच्या शर्यतीचं पहिलं पत्रक मी घरच्या प्रिंटरवर छापलं. त्यात ‘ट्रायथलॉन’ हा शब्द तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिला गेला होता आणि ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. आम्ही आयोजक तिघंच. त्यातल्या दोघांना तो शब्द धड उच्चारताही येत नव्हता. एक मी, साताऱ्यातल्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवणारी बाई. दुसरे आमच्या समोरच्या घरातले निवृत्त सुभेदार. ते रोज पहाटे पंधरा-वीस माणसांना घेऊन डोंगराच्या रस्त्यावर धावायला जात. तिसऱ्या सांगलीच्या डॉक्टरबाई, लहान मुलांच्या. आधी पोहायचं, तेच ओले कपडे अंगावर घेऊन सायकल मारायची आणि सायकल टाकून धावायचं, असली शर्यत त्या परराज्यात जाऊन पुरी करून आल्या होत्या. ही कल्पना त्यांचीच.

मला या कामात ओढलं सुभेदारांनी. एका संध्याकाळी डॉक्टरबाईंना घेऊन ते आमच्या ओसरीवर आले.

“बाई, तुमी सहलीला दीडशे पोरी नेता आणि दीडशे परत आणता. आमाला तसलं माणूस पायजे.”

मला पोहता येत नव्हतं, सायकल सोडून वीस वर्षं झाली होती. पण मोजायला येत होतं. मी हो म्हटलं.

डॉक्टरबाईंची इच्छा शर्यत सांगलीत व्हावी अशी होती. त्या लहानपणापासून कृष्णेत पोहत आलेल्या. घाटावर पहाटे पोहणाऱ्या लोकांचा त्यांचा जुना कंपू होता. पण थंडीत मगरी काठावर ऊन खायला येतात हे सांगलीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. डॉक्टरबाई म्हणाल्या, “रोज पोहणाऱ्यांना कुठं उतरायचं ते कळतं. पण पुण्याहून आलेल्या माणसाला मी काय सांगू?” तिथं सांगलीचा विषय संपला. मग साताऱ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या एका धरणाचं पाणी ठरलं. दोन किलोमीटरला थोडं कमी पोहणं, मग नव्वद किलोमीटर सायकल आणि शेवटी एकवीस किलोमीटर धावणं. याला मध्यम पल्ल्याची शर्यत म्हणतात हे ऐकून सुभेदारांनी कपाळाला हात लावला होता.

सायकलचा रस्ता ठरवायला आम्हाला दोन महिने लागले. मी नकाशावर रेषा मारायची आणि सुभेदार मोटारसायकलवरून जाऊन ती खोडून यायचे. कुठं खडी पसरलेली, कुठं बाजाराचा दिवस, कुठं गतिरोधक एवढा उंच की सायकलस्वार हवेतच जायचा. सगळ्या गतिरोधकांवर पांढऱ्या फक्कीचे पट्टे मारायचे ठरले. पण खरी अडचण उसाची होती. आमची शर्यत नोव्हेंबरच्या अखेरीस, आणि तोवर गळीत हंगाम सुरू झालेला. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्याच्या मधोमध डुलत चालतात, त्यांच्या मागं सायकल म्हणजे जिवाशी खेळ. सुभेदार तीन दिवस कारखान्याच्या गाडीतळावर जाऊन बसले. ट्रॅक्टरवाल्यांबरोबर चहा प्यायले. त्यातले दोघे-तिघे त्यांच्याच पलटणीत असलेल्या जवानांचे भाऊ निघाले. शेवटी ठरलं, रविवारी दुपारी बारापर्यंत एकही भरलेला ट्रॅक्टर त्या रस्त्यावर येणार नाही. बारानंतर मात्र ते कुणासाठी थांबणार नाहीत.

पाण्यासाठी आम्हाला चाचा मिळाले. सगळे त्यांना चाचाच म्हणत. सत्तरीचे, धरणात जाळी टाकून मासे धरणारे. धरण झालं तेव्हा त्यांचं गाव पाण्याखाली गेलं होतं. मला वाटलं होतं, ते काही हळवं बोलतील. त्यांनी पहिल्याच भेटीत माझ्या हातातला नकाशा उलटा धरून सांगितलं, “हितनं पवायचं न्हाई. हितं खाली चिंचंची खोडं हायती. पाणी उतरलं की पायाला लागत्यात. तिकडनं घ्या, तिकडं आमचा मळा व्हता, सपाट हाय.” वळणांच्या खुणा म्हणून नारंगी रंगवलेले रिकामे कॅन दगड बांधून पाण्यात सोडायचं कामही त्यांनीच केलं. आमच्या पोहण्याचा त्रिकोण चाचांच्या मळ्यावर पडला.

शर्यतीच्या दिवशी उजाडलं तेव्हा समोर पाणीच नव्हतं. होतं ते नुसतं धुकं. पहिला कॅनसुद्धा दिसेना. बासष्ट माणसं लाल टोप्या घालून काठावर कुडकुडत उभी होती. टोप्या आम्हीच दिल्या होत्या, पाण्यातून बाहेर आल्यावर माझ्याजवळच्या टोपलीत टाकायच्या होत्या. प्रत्येकाच्या दंडावर मी स्वतः मार्करनं क्रमांक लिहिला होता.

“अर्धा तास थांबा,” चाचा म्हणाले.

अर्धा तास थांबलो. धुकं थोडं हललं. पहिला कॅन दिसू लागला, दुसऱ्याचा नुसता ठिपका.

“आजून अर्धा तास,” चाचा म्हणाले. “मला तिकडचा काठ दिसू द्या.”

सुभेदारांनी घड्याळ बघितलं. “आवं चाचा, बाराला ट्रॅक्टर निघणार. आजून अर्धा तास गेला तर मागची पोरं ट्रॉल्यांच्या तोंडी सापडतील. त्याचं काय करायचं?”

डॉक्टरबाई थांबू म्हणाल्या. सुभेदार सोडू म्हणाले. मग दोघंही माझ्याकडं बघू लागले. मी रस्त्याचाच विचार करत होते. दोन महिने माझ्या डोक्यात रस्त्याशिवाय काही नव्हतं. मी म्हटलं, “सोडू या.”

चाचा वळले. होडीत जाऊन बसले.

पुढचा तासभर मी गुडघाभर पाण्यात उभी राहून टोप्या मोजल्या. पहिला पोहणारा बाहेर आला तेव्हा बरं वाटलं. मग दोघं-तिघं मिळून येऊ लागले, थरथरत, हसत, सायकलींकडं पळत. टोपली भरत चालली. धुकंही विरत गेलं आणि धरणाची भिंत स्वच्छ दिसू लागली. शेवटी सगळं शांत झालं. मी टोपली जमिनीवर पालथी केली आणि मोजलं. एकसष्ट.

पुन्हा मोजलं. एकसष्ट.

“एखादा टोपी घालूनच गेला असंल सायकलवर,” सुभेदार म्हणाले. पण त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

सायकली एका लांब बांबूला टांगून ठेवल्या होत्या. मी तिकडं वळून बघितलं. बांबूला एक सायकल लटकत होती. जुनी, हिरवी, मागच्या चाकाचा मडगार्ड काढून टाकलेली. खाली चपला आणि घडी घातलेला टॉवेल.

सहलीत एकदा एक मुलगी किल्ल्यावर मागं राहिली होती, ते मला आठवलं. हे त्याहून वेगळं होतं. तेव्हा मुलगी जमिनीवर होती.

डॉक्टरबाईंनी टोपी चढवली आणि पाण्यात शिरल्या. चाचांनी होडी आधीच वळवली होती. सुभेदारांनी सायकलवरचा क्रमांक यादीत शोधून नाव पुकारायला सुरुवात केली. त्यांचा कवायतीचा आवाज पाण्यावरून जाऊन डोंगरावर आपटून परत येत होता. मी तिथंच उभी. माझ्या हातात एक ओली टोपी होती आणि ती मी पिळत होते, एवढंच आठवतं. ‘सोडू या’ हे माझे शब्द होते. त्या वेळात मी मनाशी एकच गोष्ट ठरवली, काही वाईट झालं तर हे आपण स्वतः सांगायचं, कुणी विचारायची वाट बघायची नाही.

वीस मिनिटांनी चाचांची हाक आली. “हाय! हाय जित्ता!”

पलीकडच्या काठाला एका वळणाआड पाणी उतरून गाळाची पट्टी उघडी पडली होती. गडी तिथं मांडीपर्यंत गाळात रुतून बसला होता. धुक्यात दुसरा कॅन त्याला दिसला नाही. तो सरळ पोहत गेला, आणि पाय टेकले तेव्हा आपण पोहोचलो असं समजून उभा राहिला. मग पाय निघेनात. ओरडला, पण पोहणाऱ्यांच्या गोंगाटात ते इकडं कुणाला ऐकू आलं नाही, आणि मग त्याचा घसाच बसला. चाचांनी होडीतली फळी गाळावर टाकली, त्याला पोटावर झोपवला आणि ओढून काढला.

तो आटपाडीकडचा होता. तिशीचा, मोटार रिवायंडिंगचं दुकान चालवणारा. डॉक्टरबाईंनी त्याला घोंगडीत गुंडाळून नाडी धरली. त्याचे दात वाजत होते. जरा बोलता आल्यावर तो म्हणाला, “आमी हिरीत पवायला शिकलो बाई. हिरीत कुटं बी गेलं तरी काठ घावतोच. एवढं पाणी एका जागी म्या कवा बघितलंच नव्हतं.”

मी त्याच्याजवळ खाली बसले. म्हटलं, “चूक आमची झाली. चाचा थांबा म्हणत होते. मीच सोडा म्हटलं.”

तो बांबूला लटकलेल्या सायकलीकडं बघू लागला. मग त्यानं विचारलं, “आता सायकल काढू का?”

सुभेदारांनी मान हलवली. “होडीत बसलास गड्या. नियमानं तू बाद. टाइम धरता येणार न्हाई.”

“टाइम नका धरू. मी जाऊ का?”

सुभेदार डॉक्टरबाईंकडं बघू लागले. त्यांनी पुन्हा नाडी बघितली, त्याला बोटं मोजायला लावली, गरम चहा पाजला आणि म्हणाल्या, “आणखी वीस मिनिटं बसू दे. मग माझी काही हरकत नाही.”

“मग जा,” सुभेदार म्हणाले. “रस्ता काय माझ्या बापाचा न्हाई. पण तू रस्त्यात असतानाच ट्रॅक्टर निघतील. मी मागं मोटारसायकलवर राहतो.”

आणि ते खरंच राहिले. नव्वद किलोमीटर. येणाऱ्या प्रत्येक ट्रॅक्टरला हात करून थांबवत, हिरव्या सायकलीच्या मागं. नंतर सुभेदार सांगत, एका गावात बायका केळी आणि गूळ-शेंगदाणे घेऊन उभ्या होत्या, त्या आता सामान आवरत होत्या. यांना बघून त्यांनी पुन्हा पाटी खाली ठेवली. ऊन कलल्यावर तो धावत, खरं म्हणजे चालत, शर्यत संपायची होती त्या मैदानात आला. मंडपाचे बांबू काढणारे लोक थांबले आणि टाळ्या वाजवल्या. मी त्याला पदक द्यायला गेले तर त्यानं हात मागं घेतला. “पवणं झालंच न्हाई की,” म्हणाला.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं चाचांच्या घरी गेलो. सुभेदारांनी माफी मागितली, मीही मागितली. चाचांनी रस्सा वाढला आणि म्हणाले, “माफी ऱ्हाऊ द्या. पुढल्या बारीला माझं ऐकणार का, त्येवडं सांगा.” त्या जेवणाच्या पंगतीत आमच्या शर्यतीचे निम्मे नियम ठरले. पलीकडचा काठ दिसल्याशिवाय कुणी पाण्यात उतरणार नाही आणि ते ठरवणार चाचा, बाकी कुणाचं मत विचारायचं नाही. उशीर झाला तर सायकलचं अंतर कमी करायचं, पोहण्याची घाई नाही. एका होडीऐवजी सहा. प्रत्येकाच्या कमरेला फुगा बांधलेला. टोप्या मोजायला मी एकटी नाही, दोघीजणी, आणि आम्ही एकमेकींचा आकडा बघायचा नाही. दुसऱ्या वर्षी धुकं विरलंच नाही. चाचांनी शेवटपर्यंत होकार दिला नाही, आणि आम्ही पोहणं रद्द करून टाकलं. पुण्याची काही मंडळी फार चिडली. सुभेदारांनी सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेतलं. त्यांना असं ऐकून घेताना मी पहिल्यांदाच बघत होते.

आटपाडीच्या गड्यानं त्या दोन वर्षांत दर महिन्याला एकदा एस.टी.नं येऊन चाचांच्या होडीमागं पोहायचा सराव केला. तिसऱ्या वर्षी तो पाण्यातून बाहेर आला तेव्हा त्याच्या पुढं वीसेक जण असतील. टोपी टोपलीत टाकताना थांबला आणि म्हणाला, “बाई, ही मोजा नीट.” मग पळाला. त्या वर्षी पदक त्यानं घेतलं.

अलीकडं आटपाडीच्या भागात कालव्याचं पाणी आलंय आणि रानोरान शेततळी झाली आहेत. गेल्या हिवाळ्यात त्यानं आम्हाला बोलावलं. त्याला तिथं लहान पल्ल्याची शर्यत सुरू करायची होती. मी आता निवृत्त झालेय, डॉक्टरबाईंच्या गाडीतून आम्ही तिघं गेलो. चाचांच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, तरी तेही आले, काळा चष्मा लावून पुढच्या सीटवर.

शेततळ्याला काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो. त्यावर शेवाळ धरतं आणि पडलेल्या माणसाला वर येता येत नाही. चाचांनी तळ्याला एक पूर्ण फेरी मारली. चारी बाजूंना जुने टायर दोरखंडाला बांधून पाण्यात सोडले होते. एक दोर त्यांनी दोन्ही हातांनी ओढून बघितला, मग दुसरा. तिसरा ओढताना त्याची काठावरची खुंटी हलली.

“ही बदला,” ते म्हणाले.

आटपाडीच्या गड्यानं लगेच पहार आणली आणि खुंटी उपटायला घेतली. आम्ही बांधावर बसून राहिलो. डॉक्टरबाई पाण्यात हात घालून गारठा बघत होत्या, आणि सुभेदार त्याला विचारत होते की या बाजूला ट्रॅक्टर किती वाजता निघतात.