धुरकट फोटोतलं 'आ'

फोटोत भूत दिसतंय म्हणून चिखलीतल्या माझ्या स्टुडिओत वर्षाकाठी दोन-तीन जण तरी येतात. कुणाचा लेन्सवरचा डाग असतो, कुणाचा फ्लॅशमध्ये चमकलेला धुळीचा कण... मी हसून समजावून सांगतो. सतरा वर्षं हेच करतोय. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. तरी लिहितो.

गेल्या पावसाळ्यात माझी बायको सुवर्णा गेली. साधा ताप आहे म्हणत होतो, सहाव्या दिवशी सगळं संपलं. आमची आर्या आठ वर्षांची. ती रडली नाही. अजिबात नाही. शाळेत जायची, जेवायची — आणि कुणी आईचं नाव काढलं की उठून दुसऱ्या खोलीत जायची.

डिसेंबरात तिला मोटारसायकलवर मलकापूरला, तिच्या आजोळी, घेऊन निघालो. राजूर घाटात गाडी थांबवली. सकाळचे साडेआठ असतील. खाली मोताळ्याकडचं रान धुक्यानं नुसतं पांढरं... कठड्याजवळ उभं राहून एकच फोटो काढला. उघड्यावर, मध्ये काच वगैरे काही नाही — हे मुद्दाम सांगतो.

चार दिवसांनी दुपारी दुकानात तो फोटो कॉम्प्युटरवर घेतला. धुरकट फोटो साफ करायला मी एक फुकटचं सॉफ्टवेअर वापरतो. ग्राफमधली काळ्याची खूण थोडी उजवीकडे सरकवायची, निळसर झाक कमी करायची, की झाकलेलं वर येतं. तसं आलंही. कपाशीची शेतं, एक शेततळं, लांबवर रस्त्याची रेघ. फक्त स्क्रीनवर उजवीकडे बशीएवढा गोल पांढराच राहिला. तेवढाच भाग सिलेक्ट करून पुन्हा खेचलं. आजूबाजूचं काळं पडलं, तो मात्र जास्तच दाट झाला. झूम केलं... त्यात बोटानं ओढल्यासारख्या रेघा होत्या. रेघांतून मागचं शेत दिसत होतं.

'आ'.

शाळेतून आलेली आर्या मागे उभी होती, मला कळलंच नाही.

"आईनं काढलं," ती म्हणाली.

"काय काढलं, बेटा?"

"आई मलकापूरले जायची ना, तवा येष्टीत बसली की काचेवर हाऽऽ करायची अन् माह्या नावाचं आ काढायची. उलटं काढायची. मी खाली राहायची ना, मले सरळ दिसावं म्हणून."

मला हे माहीतच नव्हतं. सुवर्णाला स्टँडवर सोडायला माझे वडील जायचे, आर्याला सोबत घेऊन. मला दुकान असायचं. लग्नाच्या बारा वर्षांत तिला बसमध्ये बसवायला मी एकदाही गेलो नाही.

"बाबा, हे बी सरळ दिसून राह्यलं," आर्या स्क्रीनला हात लावत म्हणाली. "म्हंजे आई तिकडून पाहून राह्यली आपल्याकडे?"

आणि मग ती रडायला लागली. इतक्या महिन्यांचं सगळं रडली. शटर अर्धं ओढून मी तिला मांडीवर घेतलं, तिथंच फरशीवर बसलो.

फाईल सेव्ह केली — दोनदा. दुसऱ्या दिवशी उघडली तर शेतं होती, शेततळं होतं, तो गोल नव्हता. कॅमेऱ्यातला मूळ फोटो पाहिला, सगळीकडे सारखाच धुरकट. सगळे लेयर काढले, पुन्हा टाकले, कितीतरी वेळा. त्या जागी कपाशी आहे. नुसती कपाशी.

लेन्स तपासली, कार्ड तपासलं. मला एकट्याला दिसलं असतं तर मनाचा खेळ म्हणून सोडून दिलं असतं. पण मला त्यातलं काही ठाऊक नसताना ते आधी मलाच दिसलं, आणि ओळखलं तिनं. याला काय म्हणायचं, मला अजून कळलेलं नाही.

परवा आर्या म्हणाली, "बाबा, आईचं आ दाखवा ना."

कॉम्प्युटर बिघडलाय, म्हणालो.

"मंग दुरुस्त झाल्यावर दाखवजा," ती म्हणाली.

मी हो म्हटलं.