तरोट्याला पाणी

पंचाहत्तर सालच्या सुमारास आमच्या भंडारा जिल्ह्यात जी काही अंगणं स्वच्छ होती, त्यांतली निम्मी आमच्या हिच्या आत्याबाईंच्या धाकानं स्वच्छ होती, हे मी कुणाहीपुढे शपथेवर सांगेन. पाहुणे येणार म्हटलं की लोक घर आवरतात. आत्याबाई येणार म्हटलं की नातेवाईक गवत उपटायला बसत. शहापूरहून त्यांचं कार्ड यायचं, आणि त्यात मजकूर एकच, 'गुरुवारी येऊन राहिली.' एवढं वाचून नाकाडोंगरीचे माझे सासरे, म्हणजे त्यांचे सख्खे धाकटे भाऊ, दोन गडी लावून घरामागची सगळी सांदवाडी, म्हणजे परसबाग, तासून घेत. एकदा त्यांनी ती इतकी तासली की कोंबडीला लपायला आडोसा उरला नाही. आत्याबाईंनी फाटकातूनच आत पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. "मंग मले कायले येऊ देल्लं?" असं म्हणून त्यांनी उभ्याउभ्याच चहा घेतला आणि परतीच्या एस.टी.नं निघून गेल्या. संकट टळल्याचा आनंद मानावा की बहीण रुसल्याचं दुःख करावं, हे सासऱ्यांना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

कारण आत्याबाईंना बागेची आवड होती असं म्हणणं चुकीचं होईल. त्यांना आवड होती ती बिघडलेल्या बागेची. घरी धानाची शेती, कर्ते मुलगे, सुना, कशाला काही कमी नव्हतं. पण कुठे एखादं अंगण माजलंय असं कानावर आलं की बाईंची पिशवी भरलीच. त्या पिशवीत दोन लुगडी आणि फडक्यात गुंडाळलेला विळा. विळ्याचं टोक फडक्यातून बाहेर डोकावायचं, त्यामुळे एस.टी.त त्यांना नेहमी बसायला जागा मिळे, आणि शेजारची जागा बहुधा रिकामी राही.

मला चिखल्याच्या खाणीच्या वसाहतीत क्वार्टर मिळालं, तेव्हा समोर पूर्वी बाग होती अशी नुसती अफवा होती. दिसत होतं ते घाणेरीचं रान, बेशरमाची झुडपं आणि कमरेएवढा तरोटा, म्हणजे टाकळ्याचं तण. मी आळशी माणूस. मला ते बरंच वाटत होतं. हिनं मात्र आत्याला कार्ड टाकलं. आत्याबाई आल्या, रानाकडे पाहून त्यांनी पदर खोचला, आणि मी मनात म्हटलं, आता संध्याकाळपर्यंत मैदान साफ. पण बाईंनी पाट मागवला, तो रानासमोर टाकला आणि बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच, फक्त पाट चार हात डावीकडे. मी चौथ्या दिवशी धीर करून विचारलं, तर म्हणाल्या, "जवाईबापू, आठ दिवस आधी वळख करा लागते. वळख न करता तुमची मिशी कापली तं चालन का तुमाले?" मी मिशीवर हात ठेवून कामावर निघून गेलो.

नवव्या दिवशी विळा निघाला, आणि मग मात्र बाईंचा हात कुठेही अडखळला नाही. घाणेरीखालून विटांची वाट निघाली. तरोट्यात गुदमरलेला मोगरा निघाला. बेशरमाच्या आड एक छोटा गोल हौद निघाला, त्यात एक बेडूक होता आणि तो आमच्याइतकाच चकित झालेला दिसला. काम करताना त्यांचं तोंडही चाले, पण ते आमच्याशी नव्हे. "काहून रे, त्या बिचाऱ्या मोगऱ्यानं तुयं काय घोडं मारलं होतं?" असं तणाला रागावून मग त्याला उपटत. बिनचौकशीची शिक्षा त्यांनी कुणाला दिली नाही. वसाहतीतले मोठे साहेब एकदा फाटकापाशी उभे राहून हा खटला ऐकत होते. आत्याबाईंनी मागे वळून न पाहताच सांगितलं, "उभे काहून राहिले? त्या बुंध्याचं ते टोक धरा." साहेबांनी धरलं. पुढे बढतीच्या वेळी ते मला ओळख देत, ती त्या बुंध्यामुळेच, अशी माझी समजूत आहे.

दोन महिन्यांनी मोगऱ्याला पहिली कळी आली आणि त्याच दुपारी आत्याबाईंनी पिशवी भरली. "अगं आत्या, उद्या फुलेल, बघून तरी जा," ही म्हणाली. "फुलन ना? मंग झालं," म्हणत त्या निघाल्याही. जाताना मला बजावलं, "पुन्हा माजू देसान तं मले कार्ड टाका." पुढची काही वर्षं मी त्या धाकानं आळस सोडून बाग नीट राखली.

मग एका सुगीच्या दिवसांत शेताच्या धुऱ्यावरून त्यांचा पाय घसरला आणि कंबरेचं हाड मोडलं. खाटेवरून उठायलाच वर्ष गेलं. हातात काठी आली आणि बाईंनी बाहेर पडणं सोडलं. ही शहापूरला भेटून आली ती रडतच. आत्या भिंतीकडे तोंड करून बसते, म्हणाली. त्यांची स्वतःची सांदवाडी गवतानं भरून गेली होती, आणि खिडकी उघडी असून त्या तिकडे बघत नव्हत्या. "आता का करायचं पाहून," एवढंच बोलल्या. ज्या बाईच्या येण्याच्या धास्तीत आम्ही सगळे जगलो, ती कधी येणारच नाही, ही धास्ती जास्त वाईट निघाली.

तेव्हा मी ठरवलं, बाग माजू द्यायची. इतक्या वर्षांनी आळशीपणाला काम मिळालं. पण दिवाळी उलटून गेली होती, पावसाळी तण वाळत चाललं होतं, आणि माजायला काही तयार नव्हतं. म्हणून मी सकाळ-संध्याकाळ बादलीनं तरोट्याला पाणी घालू लागलो. मोगऱ्याला नाही, तरोट्याला. शेजारच्यांनी हिला बाजूला घेऊन माझ्या प्रकृतीची चौकशी केली. होळीच्या आसपास नवा तरोटा गुडघ्यापर्यंत आला, आणि मी कार्ड टाकलं, 'बाग हातची गेली. तुमच्याशिवाय इलाज नाही.'

मुलाचा हात धरून आत्याबाई आल्या. फाटकाशी थांबल्या. काठीवर दोन्ही हात ठेवून कितीतरी वेळ पाहत राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या. "जवाईबापू, होळीले तरोटा हिरवा? याले पानी कोनं घातलं?"

मी आभाळाकडे पाहिलं. ही घाईघाईनं चहा टाकायला आत गेली.

"इतकी मेहनत कधी मोगऱ्यावर केली असती तं?" त्या म्हणाल्या. डोळे पुसले, आणि म्हणाल्या, "पाट आना."

आठ दिवस ओळख झाली. नवव्या दिवशी त्यांनी बसूनच काम सुरू केलं. हातभर साफ झालं की मी पाट हातभर पुढे सरकवायचा. तणाला पुन्हा पूर्वीसारखं रागावणं सुरू झालं, आणि त्या आवाजानं माझं घर भरून गेलं. तीन आठवड्यांत सगळं झालं, हौदाजवळचा एक कोपरा तेवढा राहिला. आत्याबाईंनी आयुष्यात काम अर्धं टाकल्याचं मी पाहिलं नव्हतं. "राहू द्या तेवढं," त्या म्हणाल्या, "पुढच्या खेपेले काही तं पायजे." विळाही खिडकीत ठेवून गेल्या. म्हणाल्या, "ओझं कायले वाहू?"

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात त्या गेल्या.

कोपरा आता खांद्याएवढा माजला आहे. ही म्हणते, एकदाचा कापून टाका, साप निघेल. मी रोज सकाळी त्याच्यासमोर पाट टाकून, विळा मांडीवर घेऊन बसतो. आठ दिवस कधीच उलटून गेले. हिला सांगतो, अजून ओळख पुरी झालेली नाही.