लाल तुऱ्याचा लव्हाळा

लव्हाळ्याला गवत म्हणणाऱ्या माणसांशी मी फार वेळ बोलत नाही. आमच्या बोईसरच्या सोसायटीत एक गृहस्थ रोज सकाळी फेऱ्या मारतात. त्यांनी कुंपणाजवळच्या लव्हाळ्याचा फोटो काढला आणि मला सांगितलं, "हा गवती चहा. ॲपच सांगतंय." मी म्हटलं, "मग करून प्या की." दुसऱ्या दिवशी त्यांनी खरंच पिऊन पाहिला आणि चव छान असल्याचंही कळवलं. अशा माणसाला काय शिकवणार?

गवताची काडी चिमटीत फिरवली की गोल लागते. लव्हाळ्याच्या काडीला तीन कडा असतात, त्या बोटांना कळतात. खरी अक्कल लागते ती पुढे. आमच्याकडे त्याच्या दोन जाती शेजारीशेजारी उगवतात, एकीचा तुरा तांबूस, दुसरीचा पिवळट. तांबूस तुऱ्याच्या मुळाला गाठी माळेसारख्या एकापुढे एक लागतात आणि ठेचल्या की वास सुटतो. हा आमचा मोथा. पिवळट जातीला मुळाच्या टोकाशी एकेकटी गाठ, तीही बिनवासाची. गाठी तोडून टोपलीत टाकल्या की दोन्ही सारख्याच दिसतात आणि मग नाकाशिवाय इलाज नसतो.

आमच्याकडे ते नाक आईचं. शिरगावच्या आमच्या वाडीच्या बांधावरून दसऱ्यानंतर मोथा खणायचा, वाळवून कुटायचा आणि दिवाळीला आळीतल्या घरोघरी उटणं द्यायचं, हे तिचं काम. पालघरच्या दुकानातल्या पाकिटांना ती हात लावत नाही. मीही लावत नाही. आत मुलतानी माती आणि अत्तर, बाहेर लक्ष्मीचं चित्र.

खणायचं काम काकूचं, म्हणजे आईच्या धाकट्या जावेचं. ती दरवर्षी दोन्ही जाती कालवून आणते. आई एकेक गाठ नखानं खरवडून हुंगते आणि नको ती कुंपणापलीकडे भिरकावते. "ह्याला वास नाय. हा लावण्यापेक्षा चिखल लाव." काकू मान खाली घालून हसते. दोन गाठींतला फरक कळायला माणसाला किती दिवाळ्या लागतात? काकूला मी कधी हिशेबात धरलंच नाही.

यंदा पावसाळ्यात आईला ताप आला. ताप उतरला, पण वास गेला तो गेलाच. मी तिला बघायला गेले असताना दूध करपून घरभर वास सुटला तरी ती शेजारी बसून भाजी निवडत होती, तेव्हा मला कळलं. "कुनाला बोलू नको," ती म्हणाली. उभ्या आळीच्या लोणच्यांना आणि सुक्या मासळीला नावं ठेवलेली बाई ती. आता त्याच बायका येऊन तिला बिचारी म्हणाल्या असत्या. दया तिला सोसवत नाही. आमच्या घरात कुणालाच सोसवत नाही.

दिवाळीआधी मी पुन्हा शिरगावला गेले. काकू टोपली घेऊन आली. ओट्यावर शेजारच्या दोघी बसलेल्या. आईनं एक गाठ खरवडली, नाकाशी धरली आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ धरली.

"चांगला हाय," ती म्हणाली.

मी टोपलीतून एक उचलून हुंगली. मातीशिवाय कसलाही वास नव्हता. दुसरी घेतली, तीही तशीच. बोलले तर आई सगळ्यांसमोर उघडी पडणार होती, न बोलले तर यंदा आळीभर भुसा वाटला जाणार होता. काकू आता गावभर मिरवेल, असं मला वाटलं आणि त्या विचारानंच माझं डोकं फिरलं.

काकू मिरवली नाही. तिचं तोंड उतरलं. "ऱ्हाऊ दे वयनी, जरा ओला हाय, मी दुसरा आनते," म्हणत तिनं टोपली उचलली. मी तिच्या मागोमाग फाटकापर्यंत गेले. तिथे ती हळूच म्हणाली, "बाय, वयनींना वास येत नाय ना? माझ्या मोथ्याला त्या कदी चांगला म्हनाल्या नाय."

मी फाटकाची कडी काढून दिली. तिनं पुन्हा विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू आली ती भारा घेऊन. गाठी तोडलेल्या नव्हत्या. तुऱ्यापासून मुळापर्यंत अख्खी झाडं, मातीसकट, दोन्ही जातींची. फरक तिला अजूनही कळलेला नव्हता, हे मी आवर्जून सांगते. तिनं दिसेल ते उपटून आणलं होतं. शेजारणी होत्याच.

आईनं भाऱ्याकडे पाहिलं, मग काकूकडे पाहिलं. एक झाड उचललं, पिवळट तुरा बघितला, टोकाची एकटी गाठ बघितली आणि ते कुंपणापलीकडे भिरकावलं. मग दुसरं. मग तिसरं. आवाज पहिल्यासारखा चढला.

"एवडी वर्सं झाली, तुला काय कळत नाय."

"नाय कळत वयनी," काकू पदरानं डोळे पुसत म्हणाली आणि पुढचं झाड तिच्या हातात दिलं. "तुमीच सांगा."