दोन बांबूंवरचा जखमी

"आवळ! अजून आवळ! मेलाय असं समजून बांध!"

मॅनेजरसाहेब ओरडत होते. आवाज असा, की धरणापलीकडे तिकोना गडावरची माकडं झाडावरून पडली असतील.

बांधत होते मला. दोन बांबू, मधे दोरांचं जाळं, त्यावर मी आडवा. पुण्याच्या कंपनीची, साहेबांसकट बारा माणसं मावळात लीडरशिप शिकायला आलेली. जखमीला खांद्यावर घेऊन रात्रभर डोंगर चढायचा-उतरायचा, पहाटे कॅम्पवर आणायचं. जखमी आणला तरच टीम पास. दर शनिवारी जखमी मीच. बेडशाच्या लेण्यांखाली जन्मलेला, बेचाळीस वर्षांचा, रेड्यासारखा धडधाकट जखमी. डोंगर पाठ, दोर पाठ. पण दोर शिकवणाऱ्याची जागा कॅम्पचा मालक भाऊ तीन पावसाळे नुसती दाखवत होता. "येवढा शनवार काढ. सोमवारपासून तूच इन्स्ट्रक्टर."

साहेबांनी आडनाव विचारलं. मी सांगितलं.

"बुद्धवस्तीतला का? मग बरोबर. सरकार इतकी वर्षं ह्यांना उचलतंय, आज आपण उचलू."

हसले. बाराच्या बारा. भाऊही हसला. आणि मीही हसलो. ते हसू अजून तोंडात कुजतंय.

अर्ध्या चढावर बारा लीडरांची सभा भरली. पुढं कोणी व्हायचं? ग्रामसभेत पाच वर्षांत झाली नसतील एवढी भाषणं. मी खांद्यांवर लोंबकळतोय. शेवटी साहेब म्हणाले, "ह्याला इथंच ठेवा. कोण बघतंय?"

करवंदीच्या जाळीत ठेवलं. बांधलेलं. तोंडावर बॅटरी मारून फोटो काढला. गेले.

मुंग्या आल्या. उंटाएवढ्या. खोटं वाटत असेल तर या, पाठ दाखवतो. लघवी आवरेना. विजारीतच झाली. बेचाळिसाव्या वर्षी.

आता खरं सांगतो, त्यात काडीची भर नाही. गाठ चुकली होती. दुपारी भाऊच्या सांगण्यावरून फुकटात मीच शिकवलेली, साहेबांनी उलटी मारलेली. अंगठ्यानं ढकलली की सुटणारी. मला पहिल्यापासून ठाऊक होतं. गाठ सुटत होती. मी सोडत नव्हतो. सोमवारसाठी.

स्वतःचीच शिसारी आली. सोडली. उतरलो.

कॅम्पवर सगळे गोल करून बसलेले. रात्रीतून काय शिकलो ते प्रत्येकानं सांगायचं, असा तिथला रिवाज. साहेब सांगत होते, "ओझं कुठं टाकायचं हे ज्याला कळतं, तो लीडर."

टाळ्या.

मी ओल्या विजारीनिशी त्या गोलाच्या मधोमध जाऊन उभा राहिलो. टाळ्या थांबल्या. एकीनं नाकाला रुमाल लावला.

भाऊ धावत कागद घेऊन आला. टीम पास व्हायला त्यावर जखमीची सही लागते. कानाशी लागून म्हणाला, "ह्यांनीच आणलं म्हन. कर सही. तुजी जागा ह्या सहीत हाय."

"न्हाई भाऊ. जागा ठेवा तुमाला. आजपासून मी कुनाचा जखमी न्हाई."

"अरं, पार्टी मोठी हाय! मग कागदावर काय लिवू?"

बाराही तोंडं माझ्याकडं.

"लिवा, मी चालत आलो."