गोठलेलं खोबरेल

एसीमुळे डब्यातलं खोबरेल आज पुन्हा गोठलं होतं. चमच्याने उकरताना वास आला आणि मी थेट आखातातल्या, करामा भागातल्या आमच्या जुन्या बिल्डिंगखाली जाऊन पोचले.

तिथल्या पार्किंगमध्ये पोरं स्केटबोर्डवर फुटपाथच्या कडेवरून घसरायची. बोर्ड सरसर जावा म्हणून कडेला मेणबत्ती घासायची. माझ्या मोठ्या बहिणीला, शबनमआपाला, घरात मेणबत्ती सापडली नाही. तिने हेच पांढरं घट्ट तेल कडेला फासलं. उन्हात ते लगेच वितळलं. आपाने बोर्डसकट कडेवर उडी घेतली आणि सिमेंटवर आपटली. कोपर सोलपटलं, पोरं हसली. तिने ओढणी कमरेला घट्ट बांधली. "यल्ला, चला, बाजूला व्हा," म्हणाली, आणि त्याच तेलकट कडेवरून शेवटपर्यंत घसरत गेली. मग कुणी हसलं नाही.

वर गॅलरीत अब्बा उभे होते. आता खलास, बोर्ड गेला, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जेवणाच्या टेबलावर मेणबत्त्यांचं पाकीट ठेवलं. "तेल डोक्याला लावायचं असतं," एवढंच बोलले.

कितीतरी वर्षं मी त्याला ओरडा समजत होते.